वच्छलाबाईंच्या डाव्या हाताला

परवा कारध्याला वच्छलाबाईंच्या घरी जाऊन आले. तेव्हापासून हे लिहावं की नाही, असं चाललं होतं... आज लिहितेच.

भंडाऱ्यात माझा होमिओपॅथीचा छोटा दवाखाना आहे. वच्छलाबाई साठीच्या आसपासच्या, धानाची शेती असलेल्या घरातल्या. दिवाळीनंतर सुनेला, कविताला, घेऊन आल्या होत्या. डाव्या हातावर चामखिळी आल्या होत्या, तक्रार एवढीच.

मी थुजा दिलं. आपल्याकडे अंगणात मोरपंखी लावतात ना, तिच्याच नात्यातल्या झाडापासून ते बनतं. "काही नवीन जाणवलं तर सांगा, कितीही बारीक असो," हे मी प्रत्येक पेशंटला सांगते. त्यांनाही सांगितलं.

पुढच्या वेळी आल्या तेव्हा बाकावर बसताना त्या थोड्या उजवीकडे सरकल्या. शेजारी कोणाला जागा करून द्यावी, तशा... मग हळूच म्हणाल्या, "मॅडम, माह्या डाव्या बाजूनं एक बाई चालून रायली. घरी, वावरात, सारीकडं. मान वळवली का दिसत नाही."

अंगावर काटा आला. कारण आमच्या जुन्या पुस्तकांत थुजाच्या लक्षणांत हेच लिहिलंय... आपल्या बाजूला कोणी परकं माणूस आहे असं वाटणं. बाईंनी ते पुस्तक काही वाचलेलं नव्हतं.

मी औषध लगेच थांबवलं, नुसत्या साध्या गोळ्या दिल्या. औषधामुळे असेल तर हळूहळू ओसरेल, असा हिशेब होता.

ओसरलं नाही. पुढच्या वेळी कविता रडवेली झालेली. "मॅडम, आईच्या हातातून कपबशा पडून रायल्या. मामाजी म्हणतात बाहेरचं लागलं, उद्या जाणत्याकडं झाडफुकीले नेतो."

वच्छलाबाई मात्र शांत होत्या. भीती वाटते का, असं विचारलं तर म्हणाल्या, "नाही जी. चांगली हाय बिचारी. काही बोलत नाही."

चामखिळी पाहाव्यात म्हणून मी त्यांचा डावा हात हातात घेतला. जरा दाबून विचारलं, "इथे दुखतं का?"

त्यांनी त्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मले कायले विचारता? हा हात माहा नाही... तिचा हाय."

भर दुपार होती. बाहेर रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न चालू होते. तो हात माझ्या हातात होता, गरम, जिवंत... आणि क्षणभर मलाही कळेना, मी नेमका कोणाचा हात धरलाय.

मग भान आलं. डोळे मिटून दोन्ही हात समोर धरायला सांगितले. उजवा तसाच राहिला. डावा हळूहळू खाली गेला आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. हे माझ्या गोळ्यांचं काम नव्हतं, दुखणं मेंदूत असावं.

त्यांच्या यजमानांना, म्हणजे कविताच्या मामाजींना, फोन लावला. ते ऐकेनात. शेवटी म्हटलं, "काका, आधी नागपूरला डोक्याचा स्कॅन करा. मग जाणत्याकडे न्या, मी अडवणार नाही." तेव्हा कुठे म्हणाले, "बरं, नेतो."

मेंदूत उजव्या बाजूला गाठ निघाली. ऑपरेशन झालं. तिथल्या डॉक्टरांनी समजावलं, मेंदूचा तो भाग दुखावला की स्वतःचंच अर्धं अंग परकं वाटू शकतं. आणखी उशीर झाला असता तर अवघड होतं, असंही म्हणाले.

परवा गेले तेव्हा वच्छलाबाई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. डावा हात अजून संथ आहे, पण आता तो त्यांचाच आहे. न राहवून विचारलं, "आता आहे का हो कोणी?"

त्यांची बोटं थांबली. "नाही जी. ऑपरेशनले नेलं तवा संगं होती. जाग आली त नव्हती." मग तांदळाकडेच बघत... "सांगून त जायाचं होतं तिनं."



लोक हसतील, वेडं ठरवतील म्हणून अशा गोष्टी माणसं मनातच ठेवतात. वच्छलाबाईंनी माझ्यावर विश्वास ठेवून ते बोलून दाखवलं... त्या विश्वासाची मी कायम ऋणी राहीन.