मेहिटेबलच्या तोंडची शपथ

झेडॉक पेनिमन या डोंगरात आला तेव्हा त्याच्याजवळ एक कुऱ्हाड होती, एक पातेलं होतं आणि नवी नवरी मेहिटेबल होती. दोघांनी रान साफ करून लाकडी घर उभारलं आणि नदीकाठी पाणचक्की घातली. अमेरिकेत इंग्लंडच्या राजाविरुद्धची लढाई पेटली तेव्हा झेडॉक गेला आणि थोडा लंगडत परत आला. मग गावोगावचे लोक मका दळायला येऊ लागले, आणि येताना बांधांची भांडणंही घेऊन येऊ लागले. झेडॉक दोघांचं ऐकून घ्यायचा, मध्ये फारसं बोलायचा नाही. पीठ होईस्तोवर दोघंही ओरडून दमलेले असायचे आणि तडजोडीला तयार व्हायचे.

गावानं आधी त्याला पंच केलं, मग विधानसभेवर धाडलं, आणि एका वर्षी सगळ्या राज्यानं मिळून गव्हर्नर केलं. बातमी आली तेव्हा मेहिटेबल बदकाची पिसं काढत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "मग आता दळण कोण दळणार?"

शपथेला दोघं घोडागाडीतून निघाली. वाटेत पावसानं झोडपलं. गळ्याभोवती काही गुंडाळा म्हणून तिनं किती सांगितलं, पण त्यानं ऐकलं नाही. परिणामी राजधानीसमोरच्या नदीवर पोचेपर्यंत त्याचा आवाज पार बसला होता. आणि पूल तर वाहूनच गेला होता. जुन्या गव्हर्नरची मुदत त्याच दिवशी संपत होती, त्यामुळे शपथ पुढे ढकलायची सोय नव्हती. शेवटी सगळी विधानसभा चिखल तुडवत पलीकडच्या काठावर येऊन उभी राहिली. सभापती किट्रेज यांचा आवाज बैलासारखा. त्यांनी शपथेचा एकेक तुकडा ओरडून सांगायचा आणि झेडॉकनं तो म्हणायचा, असं ठरलं.

झेडॉकनं तोंड उघडलं, पण नुसती हवाच बाहेर आली.

मेहिटेबल पुढे झाली. डोंगरावर चरणाऱ्या गाईंना ती दारातून हाकारायची, तो आवाज तिनं काढला. नवरा तिच्या कानात कुजबुजायचा आणि ती पलीकडे पोचवायची. राज्याशी इमान राखीन, कायदा पाळीन, असं सगळं सुरळीत चाललं होतं. 'कुणाचीही भीड न धरता न्याय करीन' हे आलं आणि ती थांबली.

"हे नक्की कराल ना?" तिनं नवऱ्याला विचारलं. "माझ्या तोंडानं सांगतेय मी, सगळ्यांदेखत."

झेडॉक आधी हसला. मग तिचा चेहरा बघून त्यानं टोपी काढली आणि गंभीरपणे मान हलवली.

"काय झालं तिकडे?" सभापती ओरडले.

"काही नाही, खात्री करून घेतली!"

पलीकडचा सगळा काठ हसला. काही जणांनी टोप्या उडवल्या. त्यातली एक नदीत पडून वाहून गेली.

तेव्हापासून दर वर्षी झेडॉक निवडून येत राहिला. बराचसा काळ तो राजधानीत असायचा आणि घरी चक्की मेहिटेबल चालवायची. एकदा तो घरी आला असताना मेहिटेबलचा सख्खा भाऊ शेरीफची, म्हणजे जिल्ह्याच्या फौजदाराची, जागा मागायला आला. झेडॉकनं बायकोकडे पाहिलं. ती भावाला म्हणाली, "अरे, भीड धरणार नाही असं मीच अख्ख्या विधानसभेला सांगून आलेय. आता तुझ्यासाठी कुठलं तोंड दाखवू?" भाऊ रुसून गेला. पण सुगीच्या सणाला तिनं भोपळ्याचं गोड सारण भरलेली 'पाई' भाजली तेव्हा सर्वांत आधी ताटावर तोच बसला होता.

एका वर्षी झेडॉक हरला. त्याला वाईट वाटेल म्हणून मेहिटेबलनं मधात भाजलेल्या सफरचंदांसारखं लाडाचं काहीबाही करून ठेवलं. तो आला तो शीळ घालतच, आणि आधी चक्कीचं चाक बघायला गेला.

मार्चमधल्या गावसभेत मोकाट डुकरं पकडणारा निवडतात. ते पद थट्टेनं नव्या नवऱ्या मुलाला द्यायची रीत. त्या साली गावात लग्नच झालं नव्हतं. कुणीतरी उठून म्हणालं, झेडॉक इतक्या वर्षांनी बायकोकडे नांदायला आलाय, तेव्हा नवा नवरा तोच. सभा खो खो हसली. दाराशी उभ्या मेहिटेबलचा चेहरा लाल झाला. झेडॉक उठला आणि म्हणाला, "पद मंजूर आहे. या वेळची शपथ मात्र मीच घेईन."

मे महिन्यात चर्चचा कारभार बघणाऱ्या डीकनची डुकरीण एका विधवेच्या वाटाण्यात शिरली. माजी गव्हर्नरांनी मागचा पाय धरला, मेहिटेबलनं कान धरले, आणि तिघंही चिखलात लोळली. डुकरीण कोंडवाड्यात गेल्यावर दोघं कुंपणावर बसून हसत राहिली. झेडॉक म्हणाला की इतकं सुख त्याला राजधानीत एक दिवसही मिळालं नव्हतं. मेहिटेबल त्याच्या कानातला चिखल झग्याच्या टोकानं पुसत होती.