तापणारी गाडी आणि मामाचा कान

माझ्या मामाला गाडीतलं सगळं कळतं आणि हे तो स्वतःच सांगतो, दुसऱ्या कुणाला सांगायची संधीच देत नाही. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला टेकवून आणि मूठ कानाला लावून तो डोळे मिटायचा, तेव्हा आम्ही भाचरं श्वास रोखून बघत बसायचो. मग तो दोष सांगायचा आणि तो बरोबर निघायचा. त्याचा तोरा आम्हीच वाढवून ठेवलाय, त्यामुळे आता तक्रार करायला तोंड नाही.

अलीकडे मात्र त्याला कमी ऐकू येतं. मान्य करेल तर शपथ! गिऱ्हाईक बोलायला लागलं की हा गोड हसून मान डोलावतो आणि मग गाडीभोवती फिरून आपला आपण दोष शोधतो. पण घर गॅरेजच्या वरच, आणि मामीच्या नजरेतून काही सुटेल ही आशाच नको.

"आता पुरे करा," ती म्हणायची. "एखाद्याचे ब्रेक बघताना काही राहून गेलं म्हणजे?"

शेवटी एकदा जेवता जेवता मामा भडकला. "माझ्या हातून एक जरी गाडी बिघडली ना, तर मीच शटर ओढीन. तुला सांगावं लागणार नाही."

त्याच सुमारास माझ्या गाडीच्या रेडिएटरचा फॅन जळाला आणि मामाने नवा बसवून दिला. तेव्हापासून गाडीला वेगळंच दुखणं जडलं. मोकळ्या रस्त्यावर गरीब गाय, पण गर्दीत अडकली की तापमानाचा काटा सरळ लालकडे. मी गाडी मामाकडे आणली.

मामाने कूलंट पाहिलं, रेडिएटर धुऊन काढला. इंजिन तापलं की पाण्याला वाट देणारा थर्मोस्टॅट उघडतोय की नाही हे बघायला तो चक्क मामीच्या चहाच्या पातेल्यात उकळला. थर्मोस्टॅट अगदी वेळेवर उघडला आणि मामीचं तोंडही. फॅनकडे वाकून पाहत मामा म्हणाला, "फिरतोय की मस्त!" मी गाडी घेऊन गेले आणि पहिल्याच मोठ्या सिग्नलला बोनेटमधून वाफ.

दुसऱ्यांदा गाडी आणली त्या दिवशी मामा जेवणावरून लवकर उठला. मला वाईट वाटलंच, पण त्याहून जास्त भीती वाटली. गॅरेज गेलं तर हा माणूस सकाळी उठून करणार काय? गाडी गुपचूप दुसरीकडे दाखवावी, असंही मनात येऊन गेलं. पण त्याला कळलं असतं तर त्याने जन्मभर माझं तोंड पाहिलं नसतं.

"गॅरेजमध्ये ती शहाण्यासारखी वागते," मामा म्हणाला. "मला गर्दीत घेऊन चल."

आम्ही निघालो. मामी न विचारता मागे येऊन बसली. बाजारपेठेत एका बसच्या मागे अडकलो, आणि काटा चढायला लागला. मी गाडी कडेला घेतली, इंजिन चालूच ठेवलं. मामाने बोनेट उघडलं. फॅन जोरात फिरत होता. मामा पुढच्या बाजूला गेला, खिशातून रुमाल काढला आणि जाळीसमोर धरला.

फॅन बाहेरची हवा आत ओढतो, म्हणजे रुमाल जाळीला चिकटायला हवा होता. तो फडफडत मामाच्या शर्टावर आला.

"उलटा फिरतोय," मामा म्हणाला. "गाडी पळते तेव्हा समोरचा वारा जोरात असतो, म्हणून भागतं. गर्दीत हा आतली गरम हवाच बाहेर ढकलत बसतो." मग त्याचा आवाज एकदम उतरला. "वायरी मीच उलट्या जोडल्यात. उलटा फॅन घोगरा वाजतो गं. पूर्वी मी गल्लीच्या टोकावरून सांगितलं असतं."

इंजिन गार झाल्यावर त्याने वायरी बदलून जोडल्या. पुन्हा बाजारपेठेत शिरलो. काटा मधोमध उभा राहिला आणि गाडीत कुणालाच आनंद झाला नाही.

परत आल्यावर मामा सरळ शटरपाशी गेला आणि ते ओढायला हात वर केला. मला रडू येत होतं. पण त्याने स्वतःच शब्द देऊन ठेवलेला, मी काय बोलणार? मामीच्या मनासारखंच होत होतं म्हणा. तीच पुढे झाली, त्याच्या समोर उभी राहिली आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "घोगरा तर होताच. तुम्ही फॅन बसवलात त्या दिवशीच मला वर स्वयंपाकघरात ऐकू आलं."

"मग बोलली का नाहीस?"

"सगळा संसार ह्या इंजिनांच्या डोक्यावर बसून केला मी. कुठलं कसं वाजतं ते मला झोपेतही कळतं. तुम्ही कधी विचारलंत?"

मामाने एकदा वर स्वयंपाकघराकडे पाहिलं. त्याचा हात हळूहळू खाली आला, शटर जागच्या जागी राहिलं.

"ब्रेकचं काम आजपासून घ्यायचं नाही," मामी म्हणाली. "बाकीची कुठलीही गाडी मला ऐकवल्याशिवाय सोडायची नाही. कबूल?"

मामाने मान डोलावली. ह्या वेळी त्याला नीट ऐकू आलं होतं, ह्याची मला खात्री आहे.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम तिकडून गेले. कुणाची तरी जुनी गाडी दारात धडधडत उभी होती आणि मामा वर तोंड करून गल्ली दणाणून सोडत होता, "अगं, खाली ये! ही चिरचिरतेय का घुरघुरतेय ते सांग!"

मामी पदराला हात पुसत खाली आली. इंजिनवर जराशी वाकली, कान दिला.

"चिरचिर. पट्टा सैल आहे," ती म्हणाली. "आणि ओरडू नका. मला ऐकू येतं."