दोरीवरचं लुगडं

सगुणाबाईंच्या खोलीत बावीस वर्षं भाड्यानं राहूनही हौशीरामला त्यांच्याबद्दल फार थोडं ठाऊक होतं. माहेर कुठलं, नवरा कशानं गेला, काहीच नाही. त्या गेल्यावर सणसवाडीत दहाव्याला कुणीतरी म्हणालं, "तुम्ही लई वर्षं व्हता, बोला की दोन शब्द." त्याला उठताच आलं नाही.

सांगण्यासारखी एकच गोष्ट त्याच्याकडं होती.

कंपनीतून रिटायर होऊन तो केडगावला घरी आला, तेव्हा फंडाची रक्कम बँकेत आहे हे सगळ्या पाहुण्यारावळ्यांना कळलं होतं. बायकोचा, सिंधूबाईचा भाचा पप्पू यवतजवळ प्लॉट विकायचा. सिंधूबाईच्या शब्दाखातर हौशीरामनं जागा न बघताच लाख रुपये इसार दिला. उरलेलं सगळं म्हातारपण त्या फंडावर काढायचं होतं. मग तो सणसवाडीला सगुणाबाईंकडं गेला आणि म्हणाला, "मावशी, एकदा बघता का?"

सगुणाबाई आल्या. माळावर चुन्याच्या रेघा, कमान, चार झेंडे.

"मावशी, हिथनं रोड जानार हाय. दोन वर्षांत डबल!" पप्पू म्हणाला.

"सात-बाऱ्यावर याचं एकट्याचं नाव येतं का?"

"धा जनांचं मिळून येतं. समदे आसंच घेत्यात."

"मंग इकताना धा जनांच्या सह्या. त्यातला एक मेला, की त्याच्या पोरांच्या."

शेजारीच तीन वर्षांपूर्वी पाडलेले प्लॉट होते. पाच-सहा घरंही उभी राहिली होती. बाई पदर खोचून तिकडं गेल्या आणि प्रत्येक घराच्या मागं डोकावून आल्या.

"मावशी, प्लॉट बघताय का धुनं?" पप्पू हसला.

"धुनंच बघते. एका बी दोरीवर कापड न्हाई. ऱ्हातं कोन हिथं?"

सणसवाडीच्या खोल्या बांधायच्या आधीही त्यांनी आसपासच्या चाळींतल्या दोऱ्याच मोजल्या होत्या, हे हौशीरामला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

परतताना तो म्हणाला, "पर मावशी, लाख दिल्यात की."

"ते गेलं आसं धर. आन् आता सांग. इसार दिलाच नसता आन् पप्पू आज नव्यानं दारात आला आसता, तर घेतला आसतास?"

त्यानं प्लॉट घेतला नाही. पप्पूनं इसार परत केला नाही. सिंधूबाई म्हणाली, "खोलीची मालकीन व्हती, आता घरची बी झाली का?" त्या दिवाळीला तिचा भाऊ, पप्पूचा बाप, आला नाही.

पुढं दीड वर्षानं तिथला भाव खरंच वाढला. पप्पू येता-जाता ऐकवायचा. ऐकून ऐकून हौशीराम थकला आणि एक दिवस सणसवाडीला गेला. दारासमोरची कंपनी दुसरीकडं गेली होती. आठ खोल्यांतल्या सहांना कुलूप होतं. बाई पायरीवर बसल्या होत्या, खूप वाळलेल्या.

"मावशी, भाव वाढला की."

"वाढू दे. तवा आपल्याला जेवढं ठावं व्हतं, त्येवढ्यावर ठरवलं. झोप लागती ना?"

"लागती."

"मंग झालं."

तेवढ्यात त्याचं लक्ष दोऱ्यांकडं गेलं. कुलूप लावलेल्या सहाही खोल्यांपुढं काही ना काही वाळत होतं. एका दोरीवर बाईंचं लुगडं, दुसरीवर चोळी, तिसरीवर टॉवेल, पुढं नुसती फडकी. सगळं त्यांचंच. गिऱ्हाईक यावं म्हणून की ओकं दिसू नये म्हणून, ते त्याला कळलं नाही. मावशी, वेळेवर विकून का टाकलं नाही, हे त्याच्या ओठांवर आलं होतं. यवतहून परतताना त्यांनी त्याला विचारलेला प्रश्न त्यांनाच विचारायचा धीर मात्र झाला नाही. तो उठला.

"येतो मावशी."

"जाताजाता त्ये लुगडं काढून दे. वाळलं आसंल."

त्यानं हात लावून बघितलं.

"वलं हाय अजून."

"मंग ऱ्हाऊ दे."