धनुबाईचं दूध

कळसाडीच्या दोधू पाटलाची बायको धनुबाई बासष्ट सालच्या उन्हाळ्यात आजारी पडली. तिला झोप लागेना. कपाशीच्या रिकाम्या वावरात उभी राहून ती कुणाशी तरी भांडायची. समोर कोणीच नसायचं, पण तिला आवाज ऐकू यायचे. भगताचे अंगारेधुपारे झाले. शेवटी दोधू तिला एसटीने धुळ्याला एका डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि रोज न चुकता घ्यायला सांगितलं.

पाऊस सुरू झाला तोवर आवाज थांबले होते. धनुबाई परत भाकरी थापू लागली, निंदणीला जाऊ लागली. घर हसलं. ती मात्र हसली नाही. आवाज गेले, त्यांच्याबरोबर बाकीचंही बरंच गेलं. दोधूने जवळ घेतलं की ती पडून राहायची. लाज नाही, ओढ नाही, नकोही नाही. त्याचा हात तिला कळायचा, पण दुसऱ्या कुणाच्या अंगावर ठेवल्यासारखा. दोधूने विचारलं, "तुले मन्हा राग शे का?"

"नही," ती म्हणाली. "माले काहीच वाटत नही."

मग पाळी थांबली. कापूस वेचणीच्या दिवसांत तिची चोळी ओली झाली. सासूने, प्रमिलाबाईंनी ते पाहिलं आणि चोळीचा ओला भाग बोटांनी चाचपला. "दूध शे!" लग्नाला इतकी वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. प्रमिलाबाईंनी डिंकाचे लाडू वळले, सुनेला पाण्याचा हंडा उचलू देईनात, गल्लीत सांगत सुटल्या. धनुबाई लाडू खात होती. बायका पोटाला हात लावायच्या, ती लावू द्यायची. आनंद व्हायला हवा हे तिला ठाऊक होतं. तो आला नाही.

पोट काही वाढेना. तेव्हा दाईला, रंजनाबाईला बोलावलं. तिने सुनेचं पोट पुन्हा पुन्हा चाचपून पाहिलं आणि हात धुतले. "वऊना पोटमा काहीच नही."

प्रमिलाबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोधूपुढे दुसऱ्या लग्नाचा विषय काढला. तो उठून वावरात गेला, आणि त्याच आठवड्यात धनुबाईला घेऊन धुळ्याला.

डॉक्टरांनी ऐकून घेतलं. "या गोळ्यांनी होतं असं कधीकधी. पाळी जाते, दूध येतं." मग दोधूकडे पाहून त्यांनी हळूच विचारलं, "आणि नवरा-बायकोचं?" दोधूने मान खाली घातली. "तेही गोळ्यांनीच," डॉक्टर म्हणाले.

"आधी काबर सांगं नही, डॉक्टरसाहेब?"

"तुम्ही विचारलं नाही." चिठ्ठी लिहायला घेत ते म्हणाले, "आणि मीही विचारलं नाही."

त्यांनी गोळी कमी केली. घरी आल्यावर प्रमिलाबाईंनी ती पुरती बंद करायला लावली. दूध आटलं, पाळी आली. एका पहाटे धनुबाई आपण होऊन दोधूच्या कुशीत शिरली. किती दिवसांनी तिचं अंग तिचं झालं होतं. ते दिवस थोडेच टिकले. होळीच्या सुमारास ती परत वावरात भांडताना दिसली आणि विहिरीच्या कडेवरून लोकांनी तिला धरून आणलं.

जरा शुद्धीत असताना दोधूने तिला विचारलं, "तू सांग. काय करूत?"

तिने गोळ्यांच्या पुडीकडे बोट दाखवलं. "गोया द्या," म्हणाली.

दोधूने दुसरं लग्न केलं नाही. आपली खाट ओसरीवर नेली. सकाळी दोघं वावरात जात, संध्याकाळी परत येत. बोलणं बैलांचं, पाण्याचं.

सदुसष्ट साली प्रमिलाबाई वारल्या. शेवटच्या आजारात धनुबाईनेच त्यांचं सगळं केलं होतं, पण प्रेत तिरडीवर ठेवलं तेव्हा तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. बायका कुजबुजल्या. एक जण मोठ्यानेच म्हणाली, "दगड शे दगड."

दोधू तिरडीपाशी उभा होता. घरातली गोष्ट त्याने तोवर बाहेर कधी काढली नव्हती. तो वळून म्हणाला, "गोयासमुये तिले रडू येत नही. तिन्हा दोष नही."

धनुबाईने पदर सावरला आणि ती स्मशानातून परतणाऱ्यांच्या अंघोळीसाठी पाणी तापवायला आत गेली.