मोहोळाचं ठरेपर्यंत

माझी थोरली बहीण संग्रामपूरजवळच्या एका गावात राहते. तिचे यजमान गेल्यापासून कांद्याच्या बियाण्याचा प्लॉट ती एकटीच सांभाळते. कांदा फुलावर आला की परागीभवनासाठी बांधावर मधमाश्यांच्या चार पेट्या ठेवते. मागच्या हिवाळ्याच्या शेवटी मी तिच्याकडे गेलो, त्याच सकाळी एका पेटीतल्या निम्म्या माश्या राणीला घेऊन बाहेर पडल्या होत्या. विहिरीजवळच्या बोरीच्या फांदीला त्यांचा घोस लटकला होता.

“रिकाम्या पेटीत भरून टाकू,” मी म्हणालो.

“थांब. त्याहीचं अजून ठरलं नाही. कशा ठरवतात ते पाहू तरी.”

मी हसलो. जळगाव जामोदच्या शाळेत मी जन्मभर जीवशास्त्र शिकवलं. माश्या काही ठरवत नाहीत, ती उपजत प्रेरणा असते, असं मी तिला समजावून सांगितलं.

“हे तर नुसतं नाव झालं,” ती म्हणाली. “नाव देलं म्हंजे समजलं काय?”

तिनं बोरीखाली बाज टाकली. आम्ही दोघं बसलो. घोसावर काही माश्या अंग थरथरवत गोल गोल फिरत होत्या. जागा शोधून आलेल्या माश्या तिचा पत्ता असा नाचून सांगतात, हे मी फळ्यावर आकृती काढून कितीदा शिकवलं होतं. प्रत्यक्षात पाहत होतो पहिल्यांदा.

“हिच्या पाठीवर पांढरं काय आहे?” बहिणीनं विचारलं. मी वाकून पाहिलं. चुना होता. दुसरीच्या अंगावर तांबडी धूळ होती. बहिणीला लगेच उमगलं. जुन्या शाळेच्या भिंतीला नुकताच चुना दिला होता, आणि तांबडी धूळ गावाबाहेरच्या वीटभट्टीची. एक टोळी शाळा सांगत होती, दुसरी भट्टी. त्या दिवशी दोन्ही सारख्याच होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी तांबड्या जास्त दिसू लागल्या. चुना लागलेली एक माशी बराच वेळ नाचली, मग थांबली आणि घोसात शिरली. दुपारपर्यंत पांढरी एकही उरली नाही. मी बाजेवरून उठलो नव्हतो, चहा तिथंच गार झाला होता.

मग सगळा घोस एकदम उठला. बहीण पदर खोचून वाफ्यांतून धावली, मी मागून. माश्या भट्टीवरच्या जुन्या खोलीच्या भिंतीत, एका भगदाडात शिरल्या.

भट्टीवाला म्हणाला, “बाई, ही खोली तर मी उद्या ट्रॅक्टर लावून पाडून राह्यलो.”

मला बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू. “पाहिलंस? विचार केला असता तर पडणारी भिंत कशाला निवडली असती?”

ती भिंतीला हात लावून उभी राहिली. “माह्या सासऱ्यानं चार गावं पाहून घर बांधलं. दहा वर्षांनी धरणासाठी गाव उठलं. मंग त्याहीनं विचार नव्हता केला काय?”

तिचं ते घर मी पाहिलं होतं. सामान हलवायला मीच गेलो होतो.

भट्टीवाल्यानं ट्रॅक्टर दोन दिवस पुढं ढकलला. संध्याकाळी उजेड असतानाच त्यानं स्वतः एकेक वीट काढली. बहिणीनं गोवरीचा धूर दिला आणि आम्ही राणीसकट माश्या पेटीत घेतल्या. मला हातावर तीन डंख बसले, तिला एकही नाही.

तिसऱ्या दिवशी माश्या पायांना पराग लावून पेटीत येऊ लागल्या. म्हणजे आत पिल्लं वाढवायची तयारी होती, त्या टिकणार होत्या. मी बहिणीला हाक मारून ते दाखवलं.

“मंग आता काय म्हणते तुह्यं पुस्तक?”

मी म्हणालो, एकाही माशीला सगळं माहीत नव्हतं. एकीनं एकच जागा पाहिलेली. तरी सगळ्यांचं मिळून एक ठरलं. ते कसं घडतं, हे थोडंफार सांगता येईल. पण त्याला विचार म्हणायचं की नाही...

“माहीत नाही म्हण ना सरळ.”

“माहीत नाही,” मी म्हणालो.

तिनं मान हलवली, माझ्या सुजलेल्या हाताला चुना लावला आणि पाणी द्यायला वाफ्यांकडे गेली.