देव उजव्या हाताला ठेवून नाश्ता

मैलापूरला आमच्याकडे पाहुणे फार. रामेश्वरला जाताना किंवा येताना चेन्नईत दोन दिवस मुक्काम, आणि मुक्काम म्हणजे आमचं घर. घरासमोरच्या देवळात शंकराचं दर्शन झालं की प्रत्येकाला इथलं खायचं असे. मीच त्यांना देवळाभोवतीच्या चार रस्त्यांवरून फिरवत असे. दोन हजार सहा-सातच्या सुमारास माझे गुडघे गेले. जिना उतरला की दिवसाचं चालणं संपलं. नेमकी तेव्हाच माझी थोरली बहीण आली.

अक्का बहात्तर वर्षांची. कराडला तिला एकटीला कोणी कुठे सोडत नाही. भाजीला नातू बरोबर, देवाला मुलगा स्कूटरवरून नेतो. हॉटेलात गेलीच तर मागवणार दुसरा, आणि हिने उरलेलं संपवायचं. नवरा होता तेव्हाही तेच. आमच्याकडे तीन आठवडे राहिली. परतीच्या गाडीला दोन दिवस उरले तेव्हा म्हणाली, "मला देवळाभोवती एकटीनं फिरायचंय. माझं मी मागवीन, माझं मी खाईन. कराडला गेल्यावर हे होणार नाही."

माझी सून म्हणाली, "मावशी, मी रजा टाकते. दोघी जाऊ."

"तू आलीस तर मी एकटी कशी?"

माझ्या मुलाला विचारलंच नाही. तो इरुंगाट्टुकोट्टैला कारखान्यात, पहाटे कंपनीच्या बसने जाई. विचारलं असतं तर नाहीच म्हणाला असता.

सुनेने ऑफिसातून नकाशा छापून आणला. अक्काने तो उलटा धरला, मग सरळ धरला. काही फरक पडला नाही. मी चौथी शिकलेली, पण तिला काय लागेल ते मला कळत होतं. कॅलेंडरचं जुनं पान घेतलं आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहिलं. दुकानांची नावं लिहिली नाहीत. पाट्या तमिळमध्ये. मी चाळीस वर्षं तमिळ बोलते, अक्षरं मलाही येत नाहीत. म्हणून खुणा लिहिल्या. निळं दार, बाहेर उभ्याने खाणारी माणसं, इथे पोंगल. तळ्यासमोर पितळेचे डबे मांडलेले, इथे कॉफी. मोठी कढई फुटपाथवर, इथे मुरुक्कू, म्हणजे आपली चकली, ती घरी बांधून आण.

क्रम मी पोटाच्या हिशेबाने लावला होता. आमच्या दारातून उजवीकडे पन्नास पावलांवर कोपरा, वळलं की लगेच पोंगल. तो गरम खावा आणि लवकर खावा, साडेनऊला संपतो. मग कॉफी. मुरुक्कूवाला आठनंतर तळायला बसतो, म्हणून तो शेवटी.

अक्काने पान वाचलं आणि बाजूला ठेवलं. "असं गेलं तर देऊळ डाव्या हाताला येतंय."

"येऊ दे. तू खायला निघालीयस."

"खायला निघाले म्हणून देवाला उलटी फिरू? उलटं कधी फिरतात ठाऊक आहे ना? माणूस जाळताना."

मी म्हटलं, "शंकराला तशीही अर्धीच प्रदक्षिणा. अर्ध्यातून उलटं फिरावंच लागतं."

"ते आत, पिंडीभोवती. पन्हाळ ओलांडायची नाही म्हणून. रस्त्यात कुठाय पन्हाळ?"

हिच्याशी वाद घालून कोणी जिंकलेलं नाही. मी खोडून उलट क्रमाने लिहायला घेतलं, तर सगळंच बिनसलं. डावीकडून निघालं तर आधी मुरुक्कू, तो आठपर्यंत बंद. मग कॉफी, ती रिकाम्या पोटी घेतली की हिला पित्त. पोंगल सगळ्यांत शेवटी.

"मग पहिली फेरी काही न खाता," ती म्हणाली. "ती देवाची. पोंगलाशी पोचले की तिथून दुसरी, ती माझी. आणि पोंगल म्हणजे शेवटी खिचडीच ना? आजाऱ्याला देतात ती?"

"मिरे आणि तूप घातलेली. खाऊन मग बोल."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला निघाली. सुनेने दिलेला मोबाइल गादीवर ठेवून गेली. मी गॅलरीत खुर्ची घेऊन बसले. सात-सव्वासातला ती कोपऱ्यावर दिसायला हवी होती. साडेसात झाले, दिसली नाही. पावणेआठला सून चपला घालून दारात उभी.

"आई, मी बघून येते."

"बस खाली. हरवली तर पोलिस आणून सोडतील. तू आणलीस तर ती पुन्हा कधी घराबाहेर पडणार नाही."

बोलले खरी, पण माझंही लक्ष कोपऱ्यावरून हलत नव्हतं. आठला पाच कमी असताना अक्का वळणावरून आली, पदर खोचलेला, देऊळ उजव्या हाताला. गॅलरीखालून जाताना मी विचारलं, "इतका वेळ?"

"रांग होती. उभ्यानं खाल्लं. खिचडी नव्हे ती." थांबली नाही. तशीच पुढे गेली.

आता तिची काळजी करण्यासारखं काही नव्हतं. मी चहा मागितला.

नऊच्या आधी ती पुन्हा आली. हातात मुरुक्कूचा पुडा, तेलाने कागद पारदर्शक झालेला. सून खाली गेली. अक्काने पुडा तिच्या हातात दिला.

"कॉफी झाली?" मी वरून विचारलं.

"दोन घेतल्या. पहिली त्यानं फार गोड केली. सांगितलं, परत करून दे. दिली."

"मग ये वर."

"नाही. पोंगल साडेनऊपर्यंत आहे म्हणालीस ना? अजून एक खाते."

सून म्हणाली, "मावशी, मग इकडे कुठे? तो कोपरा तुमच्या मागे राहिला. पन्नास पावलं."

"ठाऊक आहे," अक्का म्हणाली, आणि देऊळ उजव्या हाताला ठेवून तिसऱ्या फेरीला निघाली.

सून पुडा घेऊन वर आली. मी तिला सांगितलं, दुपारच्या भातात अक्काला धरू नकोस.