सुभाषची बाजू

अंतराळयानात शिरून माणसं मारणाऱ्या त्या प्राण्याच्या सिनेमाचा नवा भाग आला, की आम्ही तिघं मित्र पहिल्याच रविवारी तो बघायचो आणि थिएटरसमोरच्या अमृततुल्यमध्ये बसून भांडायचो. कॉलेजपासूनची ही रीत. सुभाषचं म्हणणं ठरलेलं असे: खरा सिनेमा पहिलाच, कारण त्यात प्राणी धड दिसत नाही. विलास ते दर वेळी खोडून काढायचा. "न दाखवता घाबरवणं सोपं असतं रे. दाखवून घाबरवून बघ." मी बहुतेक वेळा नुसता ऐकायचो.

या रविवारी आम्ही दोघंच होतो. सुभाषला जाऊन चार महिने झाले.

चहा आला. विलासने कप पुढे ओढला. मग म्हणाला, "प्राणी फारच दाखवलाय. पहिल्या भागाची सर नाही." आणि तो तावातावाने बोलत सुटला, थेट सुभाषचीच उदाहरणं देत, त्याच्याच क्रमाने.

माणूस गेला की त्याचं घड्याळ, चष्मा घरचे जपून ठेवतात. त्याची मतं कोण जपणार? ती घरच्यांना कुठली माहीत असायला. ती तोंडपाठ असतात जन्मभर त्याच्याशी वाद घातलेल्यालाच.

"पण तुला तर हे कधीच पटलं नाही," मी म्हणालो.

"अजूनही पटत नाही. पण त्याच्या बाजूने बोलायला आता कोण आहे?"

एवढं बोलून तो माझ्याकडे बघत थांबला. मी कप खाली ठेवला.

"न दाखवता घाबरवणं सोपं असतं रे," मी म्हणालो.